पानाला किती भरवणार? गव्हावरच्या फवारणीचा हिशोब

(या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त आकडे नीट वाचता यावेत म्हणून थोडी साफसफाई केलीय.)

आज एकाच प्रश्नावर बोलायचंय. गव्हाला पेरणीनंतर तीन आठवड्यांनी युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा असतो. त्या हप्त्याची गोणी टाकायची, की त्याऐवजी दुकानातून एक बाटली आणायची आणि पानांवर फवारायची?

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच आहेत. नोकरी पुण्यात, मुंबईत, हिंजवडीत कुठेतरी, आणि शेत गावाकडे. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, बीटेक केलंय, शेतीची पदवी माझ्याकडे नाही. पण गाव निफाड तालुक्यात आहे. तिकडे द्राक्षं आणि कांदा सगळ्यांना माहीत असतो, पण निफाडला कृषी विद्यापीठाचं गव्हाचं संशोधन केंद्रसुद्धा आहे, आणि आमच्याकडे घरापुरता आणि थोडा विकायला गहू दरवर्षी असतोच. त्यामुळे डिसेंबर आला की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक ऑफिसचा, सर्व्हर पडला म्हणून. दुसरा घरचा, खताचा.

यंदा काकांचा फोन आला. म्हणाले, "अरे, दुकानदार म्हणतो युरियाची गोणी पाहिजे तर संगं बाटली घ्यावीच लागंल. आणि म्हणतो, बाटली घेतलीच तर मग गोणी कशाला? एक बाटली म्हंजे एक गोणी. तू शिकलेला माणूस, तू सांग." आता काकांनी शिकलेला म्हटल्यावर आपण अंदाजानं उत्तर देऊ शकत नाही. मी म्हटलं, "काका, बाटलीवरचं लेबल वाचा, काय लिहिलंय ते सांगा." त्यांनी नातवाकडून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपला पाठवला. आजचा सगळा भाग त्या फोटोतल्या आकड्यांवर आहे.

आधी पिकाला किती लागतं ते बघू. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला आपल्याकडे जी खतमात्रा सांगितली जाते ती हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश. एकराला करा, म्हणजे अडीचनं भागा. ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १६ किलो पालाश. नत्र निम्मं पेरणीला, निम्मं पहिल्या पाण्याच्या वेळी, साधारण २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. म्हणजे दुसऱ्या हप्त्यात एकराला २४ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के असतं, तर २४ किलोसाठी ५२ किलो युरिया लागतो. ४५ किलोची एक गोणी आणि वर थोडा.

हा ४८ किलोचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. उलट बाजूनं तपासून बघा. एकराला १८ क्विंटल गहू झाला आणि दाण्यात १२ टक्के प्रथिनं असली, तर प्रथिनं झाली २१६ किलो. गव्हाच्या प्रथिनांत नत्र किती हे काढायला ५.७ नं भागतात. उत्तर येतं ३८ किलो. म्हणजे नुसत्या दाण्याच्या पोत्यांतून ३८ किलो नत्र शेताबाहेर जातं, काड वेगळंच. थोडं जमीन स्वतःहून देते, बाकीचं आपण द्यायचं.

आता बाटली. काकांनी फोटो पाठवला ती नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली होती. इफकोनं हे उत्पादन २०२१ मध्ये बाजारात आणलं, आणि ५०० मिलीची एक बाटली एका गोणीची जागा घेईल असं तेव्हापासून सांगितलं गेलं. लेबलवर नत्र ४ टक्के. ५०० मिलीचे ४ टक्के किती? २० ग्रॅम. गोणीत किती? ४५ किलोचे ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. एका बाजूला २० ग्रॅम, दुसऱ्या बाजूला २० किलो. हजारपट फरक. आमच्याकडे कोडमध्ये असा फरक दिसला तर पहिला संशय एककावर जातो: कुणीतरी ग्रॅमच्या जागी किलो धरलेत का? इथे एकक बरोबर आहे, फरक खरोखरच तेवढा आहे. नंतर जास्त तीव्रतेचं नॅनो युरिया प्लस आलं, त्यात २० टक्के. तरी बाटलीत १०० ग्रॅमच झाले.

यावर उत्तर असं येतं की जमिनीत टाकलेला युरिया खूप वाया जातो, पानावरचा थेट आत जातो. पहिला भाग अगदी खरा आहे. जमिनीतल्या युरियाचा बराच हिस्सा अमोनिया होऊन उडतो, काही पाण्याबरोबर खाली निघून जातो. आपण अगदी वाईट धरू. समजा गोणीतल्या नत्रापैकी तिसरा हिस्साच पिकाला मिळाला. म्हणजे सात किलो. आणि बाटलीतला एकूण एक थेंब पानात शिरला असं धरू, शंभर टक्के. म्हणजे २० ग्रॅम. कार्यक्षमता शंभराच्या पुढे जात नाही, मंडळी. सात किलो आणि २० ग्रॅम यांच्यात कार्यक्षमतेचा वाद शिल्लकच राहत नाही.

आणि हे नुसतं कागदावर नाही. पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं शेतात चाचण्या घेतल्या. नत्राची मात्रा कमी करून त्याजागी नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचं उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचं १३ टक्क्यांनी घटलं. १८ क्विंटलमधून २१.६ टक्के म्हणजे जवळजवळ चार क्विंटल. घरातल्या चार माणसांच्या वर्षभराच्या पोळ्या समजा.

आता तुम्ही म्हणाल, बाटली सोड, साधा युरिया पाण्यात विरघळवून फवारला तर? चांगला प्रश्न. फवारणीसाठी सुरक्षित म्हणून जे द्रावण सांगतात ते २ टक्क्यांचं. वीस लिटरच्या पंपाला ४०० ग्रॅम युरिया. एकराला दहा पंप, म्हणजे २०० लिटर पाणी आणि चार किलो युरिया. नत्र किती गेलं? १.८४ किलो. दुसऱ्या हप्त्याचे २४ किलो असे पानांतून द्यायचे तर तेरा फवारण्या लागतील. पाठीवर पंप घेऊन तेरा वेळा एकरभर चालणारा माणूस कोण आणायचा? द्रावण घट्ट करून फेऱ्या वाचवायच्या म्हटलं तर पानांची टोकं करपतात. शिवाय २१ दिवसांच्या गव्हाला पानं असतात किती? बोटभर रोपं, मधे उघडी माती. फवारलेल्यातलं बरंचसं मातीवरच पडणार.

दुकानात मिळणाऱ्या विद्राव्य खतांचंही गणित करून ठेवा. तीन एकोणीस, म्हणजे १९:१९:१९. पंपाला २०० ग्रॅम टाकलं तर एकराला दोन किलो खत गेलं. त्यात नत्र ३८० ग्रॅम, स्फुरद ३८० ग्रॅम, पालाश ३८० ग्रॅम. गव्हाची पालाशची गरज १६ किलो. पान दोन दिवस हिरवंगार दिसेल, आपल्यालाही बरं वाटेल, पण १६ किलोतले ३८० ग्रॅम म्हणजे भुकेल्या माणसाला बडीशेप.

मग पानातून खत जातं ही थापच आहे का? नाही. जातं, हे सिद्ध झालेलं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमध्ये ट्युकी आणि विटवर या शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी अन्नद्रव्यं पानांवर लावली आणि ती झाडात कुठवर पोचतात ते मोजलं. पानावर मेणाचा थर असतो, पण त्यातून विरघळलेले पदार्थ हळूहळू आत झिरपतात. युरिया तर झटपट शिरतो, कारण त्याचा रेणू लहान आणि त्यावर विद्युतभार नसतो. तेव्हा पान खातं, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की त्याचं तोंड केवढं आणि आपण घास केवढा देतोय.

आणि इथे गोष्ट उलटी फिरते. पिकाला काही अन्नद्रव्यं किलोनं लागतात, काही ग्रॅमनं. नत्र, स्फुरद, पालाश किलोनं. जस्त, लोह, मँगनीज, बोरॉन ग्रॅमनं. ज्याची गरजच ग्रॅमची, ते पानातून पुरवता येतं.

जस्ताचं म्हणजे झिंकचं गणित करू. गव्हाच्या एक किलो दाण्यात साधारण ३० मिलिग्रॅम जस्त धरा. १८ क्विंटल दाण्यात झालं ५४ ग्रॅम. काडातलं मिळवलं तरी शंभर ग्रॅमच्या आसपास. आता फवारणी: झिंक सल्फेट ०.५ टक्के, म्हणजे वीस लिटरच्या पंपाला १०० ग्रॅम. एकराला एक किलो झिंक सल्फेट. त्यात जस्त २१ टक्के, म्हणजे २१० ग्रॅम. एका फवारणीत पिकाच्या पूर्ण गरजेच्या दुप्पट जस्त पानावर जाऊन बसलं. त्यातलं थोडंच आत गेलं तरी फरक दिसतो. युरियाच्या एका फवारणीनं हप्त्यातला तेरावा भाग भागतो, झिंकची एक फवारणी गरज ओलांडून जाते. पंप तोच, पाणी तेवढंच, माणूस तोच.

याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण भाताचं आहे. उत्तरेत तराईच्या पट्ट्यात भाताची रोपं लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खुंटायची, खालच्या पानांवर तांबूस तपकिरी डाग यायचे. त्याला खैरा म्हणायचे आणि रोग समजायचे. १९६६ च्या सुमारास पंतनगर कृषी विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी दाखवलं की यात जंतू नाही, विषाणू नाही, ही जस्ताची कमतरता आहे. उपाय काय निघाला? हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना, हजार लिटर पाण्यात, पानांवर. ज्या पिकावर लोक रोगाची औषधं मारत बसले असते ते एवढ्यावर सावरलं.

आपल्याकडे ही कमतरता का दिसते? आपल्या काळ्या जमिनी बऱ्याच ठिकाणी चुनखडीच्या, सामू आठच्या वर. अशा जमिनीत जस्त आणि लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही अशा रूपात अडकून पडतं. लोहाचं तर फारच विचित्र. मातीत टनावारी लोह, आणि वर ज्वारीची नवी पानं पिवळी. अशा वेळी जमिनीत नुसतं हिराकस म्हणजे फेरस सल्फेट टाकलं तर तेही अडकतं. पानावर फवारलं की जमिनीला वळसा घालून थेट पोचतं. पंपाला १०० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. द्रावण ताजं करायचं. तांबूस व्हायला लागलं तर लोह वाया गेलं असं समजा. आणि लोह पानातून पानात सरकत नाही, त्यामुळे नवीन पान पुन्हा पिवळं आलं तर दहा-पंधरा दिवसांनी परत फवारावं लागतं.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. पीक पिवळं पडलंय, हे बघून लगेच दुकानात जाऊ नका. फोन काढा आणि एकाच झाडाचे दोन फोटो घ्या. एक सगळ्यात खालच्या पानाचा, एक सगळ्यात वरच्या. नत्र कमी असेल तर झाड जुन्या पानांतून नत्र काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं टोकाकडून पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून वरची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. मक्यात जस्त कमी असेल तर नव्या पानांच्या बुडाकडे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे येतात. खाली पिवळं असेल तर गोणीचा विचार करा, वर पिवळं असेल तर पंपाचा. शेतात पाणी साचलं असेल तर मात्र आधी पाणी काढा. माती परीक्षण केलेलं असेल तर उत्तमच, त्यात जस्त आणि लोह तपासायला सांगा.

नत्राची फवारणी पूर्ण निकामी आहे असंही नाही. मुळं काम करत नसतील तेव्हा ती हात देते. पाणी साचून मुळं गुदमरलीत, किंवा जिरायत शेत आहे आणि वरची माती इतकी कोरडी की टाकलेला युरिया नुसता पडून राहील, अशा वेळी २ टक्के युरिया फवारून पीक थोडं तगतं. ओंबी बाहेर पडल्यावर केलेल्या फवारणीनं दाण्यातली प्रथिनं थोडी वाढू शकतात, पोती फारशी वाढत नाहीत. म्हणजे हप्ता चुकवून फवारणी करायची नाही, हप्ता देऊन वर गरज असेल तर करायची.

जस्ताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुर्कस्तानातल्या अनातोलियाच्या पठारावर गव्हाला जस्ताची मोठी कमतरता होती. तिथले शास्त्रज्ञ इस्माईल चाकमाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जमिनीत दिलेलं जस्त उत्पादन वाढवतं, आणि ओंबी आल्यानंतर, दाण्यात चीक भरताना पानांवर फवारलेलं जस्त दाण्यात साठतं. ज्या घरात पोटभर खाणं म्हणजे मुख्यतः पोळी-भाकरी, तिथल्या लेकरांना जस्त बहुतेक धान्यातूनच मिळतं. बाजार समितीत या गव्हाला एक रुपया जास्त मिळणार नाही. पण घरात खायला ठेवायच्या तुकड्यावर ती फवारणी करायला खर्च किती? एकराला किलोभर झिंक सल्फेट आणि अर्ध्या दिवसाची मजुरी.

आता काही कामाच्या सूचना, भराभर सांगतो. झिंक सल्फेटचं द्रावण आम्लधर्मी असतं, पान भाजू शकतं, म्हणून पंपाला १०० ग्रॅम झिंकबरोबर ५० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवा, चुन्याची निवळी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबलंच. झिंक सल्फेट आणि बारा-एकसष्ट किंवा झिरो-बावन्न-चौतीस एकाच पंपात कधीच नको. स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरतात, तळाला पांढरा साका बसतो आणि दोन्हीचे पैसे साक्यात जातात. खात्री नसेल तर आधी काचेच्या बाटलीत थोडं मिसळून अर्धा तास ठेवा. गव्हाचं पान उभं आणि मेणचट, थेंब घरंगळतो, म्हणून चिकटद्रव्य घाला. द्रावण ओलं असेपर्यंतच आत जातं, त्यामुळे दुपारच्या उन्हात फवारू नका, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

आणि शेवटची गोष्ट, ही आमच्या धंद्यातली आहे. कुठलाही बदल आम्ही सगळ्या वापरकर्त्यांवर एकदम सोडत नाही. थोड्यांना जुनंच ठेवतो आणि तुलना करतो. शेतातही तसंच करा. कुणी कितीही भारी बाटली दिली तरी मधे एक पट्टा न फवारता सोडा, दोन्ही टोकांना काठी रोवा. कापणीच्या आधी फवारलेल्या भागातून तीन ठिकाणी आणि सोडलेल्या पट्ट्यातून तीन ठिकाणी एक-एक चौरस मीटर कापा, झोडपा, दाणे तोला. एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम म्हणजे एकराला साधारण १८ क्विंटल. फरक असेल तर काट्यावर दिसेल. नसेल तर पुढच्या वर्षीचे पैसे वाचले. दुकानदाराशी भांडायची गरज नाही, वहीत आकडे असले की पुरे.

हो, आणि ते "गोणी पाहिजे तर बाटली घ्या" प्रकरण. त्याला लिंकिंग म्हणतात आणि तसं करायला परवानगी नाही. पक्कं बिल मागा, आणि ऐकत नसतील तर पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. गावातले चार जण मिळून गेलात तर जास्त बरं.

काकांनी दुसऱ्या हप्त्याला युरियाच टाकला, वाफशावर, पाण्याच्या पाळीला धरून. झिंकसाठी अर्ध्या एकरावर पट्टा सोडून फवारणी ठरलीय. तुमच्या घरी कुणी बाटली आणली असेल तर लेबलचा फोटो मागवा, टक्के आणि मिली यांचा गुणाकार करा आणि उत्तर ग्रॅममध्ये लिहून घरच्या ग्रुपवर टाका. मलाही पाठवा, पुढच्या भागात आपण ते आकडे एकत्र बघू. पुढचा भाग ठिबकमधून खत सोडण्याबद्दल आहे. तोवर राम राम मंडळी.